जुन्या ४ पॉवर स्कोपचा झिरो बसत नाही (नेम धरला तिथे छर्रा लागत नाही), नॉब मध्येच अडकतो. स्कोप गेला की माउंटचा दोष?

कळवा_नाका:
जुना अमेरिकन ४ पॉवर स्कोप आहे, नळी पोलादी, कॅलिपरवर २५.४ मिमी. नॉबवर रेघा आहेत, पण फिरवताना टक-टक होत नाही. बसवलाय .१७७ च्या स्प्रिंगवाल्या एअर रायफलवर (बॅरल मोडून छर्रा भरायची ती), ११ मिमीच्या डव्हटेलवर (रायफलीवरच्या, माउंट पकडायच्या खाचांवर), दोन सुट्या रिंगांनी. रिंगांमधलं अंतर १०० मिमी. छर्रे ८.४ ग्रेनचे.

अडचणी तीन:
१. २५ मीटरवर वरचा नॉब 'अप'कडे जाईल तितका फिरवला तरी ग्रुप (छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) २ सेमी खालीच. नॉब तिथे अडकतो, पुढे जोर लावलेला नाही.
२. बाजूचा नॉब फिरवला की काहीच होत नाही, आणि मग चार-पाच छर्ऱ्यांनंतर ग्रुप एकदम उडी मारून डावीकडे जातो.
३. क्रॉसहेअर (नेम धरायची फुली) गोलाच्या मध्यात दिसत नाही, खालच्या अंगाला सरकलेला दिसतो.

स्कोप फेकण्याच्या लायकीचा झालाय का?

ओळंबा:
फेकू नका. तिसरी अडचण म्हणजे बिघाड नाहीच. जुन्या बऱ्याच स्कोपांत नॉब फिरवला की जाळीच (क्रॉसहेअरच्या तारा) जागेवरून सरकते आणि ते डोळ्याला दिसतं. क्रॉसहेअर कायम मध्यात ठेवणारी रचना नंतर आली. नळीवर 'एल पासो, टेक्सस' कोरलेलं असेल तर तो वीव्हरचा के-सीरिज असू शकतो. त्यांच्याही सुरुवातीच्या स्कोपांत जाळी अशीच सरकते. तुम्ही 'अप' फिरवत गेलात म्हणून ती खाली गेली, इतकंच.

तेव्हा या जातीच्या स्कोपचा झिरो मुख्यतः माउंटमध्ये बसवायचा आणि नॉब शेवटच्या चार रेघांसाठी ठेवायचे. तुम्ही सगळं काम नॉबकडून करून घेताय.

आधी स्कोप रायफलवरून उतरवा. दोन्ही नॉब या टोकापासून त्या टोकापर्यंत, टोकाला जोर न लावता, दहा-बारा वेळा सावकाश फिरवा. आत सुकलेलं ग्रीस असतं, ते थोडं मोकळं होतं. डब्ल्यूडी-फॉर्टी वगैरे काहीही आत मारू नका, त्याची वाफ काचेवर बसली की निघत नाही.

मग जाळी मध्यात आणा. सपाट आरसा आडवा ठेवा, त्यावर आगपेटीच्या तीन काड्या, काड्यांवर स्कोपची पुढची कड उभी टेकवा. काड्यांच्या फटीतून उजेड आत जातो. मागून पाहिलंत की खऱ्या क्रॉसहेअरसोबत त्याचं पुसट प्रतिबिंबही दिसेल. दोन्ही एकावर एक येईपर्यंत नॉब फिरवा. आलं की स्कोप मध्यात आला. त्या जागी नॉबवर पेन्सिलीने खूण करा.

आता स्कोप परत बसवा आणि २५ मीटरवर पाच छर्रे सोडा. नॉबला हात लावायचा नाही. ग्रुप बराच खाली येईल, येऊ द्या. बॅरल मोडायच्या रायफलीत बिजागराशी बॅरल किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे हे अपेक्षितच आहे. मागच्या रिंगच्या खालच्या अर्ध्या भागात, नळीखाली, पॅकिंग घातलं की ग्रुप वर येतो. हिशेब सोपा: रिंगांत १०० मिमी अंतर असताना ०.१ मिमी पॅकिंगने २५ मीटरवर २५ मिमी फरक पडतो. कोल्ड्रिंकच्या अ‍ॅल्युमिनियम कॅनचा पत्रा साधारण ०.१ मिमीचा असतो. समजा ग्रुप ५ सेमी खाली आला, तर दोन पट्ट्या. रिंगच्या रुंदीएवढ्या कापा, कडांची कूस पॉलिश पेपरने काढा. ०.३ मिमीच्या वर जाऊ नका, नळी वाकते. त्याहून जास्त लागत असेल तर मागून उंच असलेलं किंवा उंची बदलता येणारं माउंट घ्या.

रेघेची किंमत नॉबवर काय लिहिलीय यावर सोडू नका, मोजा. रायफल पकडीत घट्ट बांधा (लाकडी दस्त्याला चामडं लावून), २५ मीटरवर आलेख कागद लावा, छर्रा न सोडता नॉब १० रेघा फिरवा आणि क्रॉसहेअर कागदावर किती मिमी सरकला ते पाहून १० ने भागा. साडेसातच्या जवळ आलं तर रेघ एका मिनिटाची (कोनाचं मिनिट, अंशाचा साठावा भाग), साडेतीनच्या आसपास असेल तर अर्ध्या मिनिटाची, पावणेदोन-दोन असेल तर पाव. २५ मीटरवर एक मिनिट म्हणजे ७.३ मिमी. 'अप' फिरवल्यावर क्रॉसहेअर कागदावर खाली जाताना दिसेल, ते बरोबर आहे.

दुसऱ्या अडचणीचं कारण आतली स्प्रिंग. नॉबचा स्क्रू एका बाजूने ढकलतो, समोरून स्प्रिंग दाबते. स्क्रू मागे घेतलात की मागोमाग येण्याचं काम स्प्रिंगचं, आणि थकलेली स्प्रिंग सुकलेल्या ग्रीसमध्ये अडकून राहते. मग चार छर्ऱ्यांच्या हादऱ्याने सुटते, तीच तुमची उडी. म्हणून शेवटची हालचाल नेहमी स्क्रू आत जाण्याच्या दिशेने हवी. बाहेरच्या दिशेला जायचं असेल तर पाच-सहा रेघा पुढे जाऊन परत आत या. मग स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिक मुठीने नॉबवर दोन हलक्या टिचक्या मारा, तीन छर्रे वाया घालवा, आणि त्यानंतरचा ग्रुपच खरा माना.

वागळे_फिटर:
वरच्याने स्कोपचं सांगितलं, मी रिंगांचं सांगतो. उडी स्कोपचीच आहे हे आधी सिद्ध करा. रिंगच्या कडेला लागून नळीवर पांढऱ्या मार्करची बारीक रेघ मारा, तशीच एक माउंट आणि डव्हटेलच्या सांध्यावर. वीस छर्रे सोडा. रेघ फाटली तर माउंट सरकतोय. स्प्रिंगवाल्या रायफलीचा धक्का दोन्हीकडून असतो: पिस्टन पुढे धावताना रायफल मागे येते, पिस्टन टोकाला आदळला की ती पुढे झटकते. त्या झटक्यात माउंट डव्हटेलवर मागे-मागे सरकत जातो. मागच्या माउंटला अडथळ्याची पिन आहे का बघा, आणि ती रायफलीवरच्या भोकात बसलीय ना.

रिंगच्या वरच्या स्क्रूंना १.५ ते २ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क पाना नसेल तर अ‍ॅलन कीचा लांब पाय स्क्रूत घाला आणि आखूड पाय दोन बोटांनी वळवा, तितक्यावर थांबा. आडव्या क्रमाने, थोडं थोडं. दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. जुनी पोलादी नळी टणक वाटते, पण आवळून दबली तर आतला भाग अडकतो. तुमचा नॉब अडकण्याचं हेही कारण असू शकतं. रिंगा सैल करून नॉब मोकळा फिरतो का ते पाहा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि रिंग २५.४ चीच हवी. जुन्या जर्मन स्कोपांना २६ मिमीच्या रिंगा लागतात. त्या यावर चढतात आणि सैल पडतात, मग लोक टेप गुंडाळतात. टेप नको. वागळे इस्टेटमध्ये कुठल्याही टर्नरकडून ०.३ मिमी जाडीची पितळी बुशी करून घेता येते, उभी चीर पाडलेली.

कळवा_नाका:
रिंगा सैल केल्यावर नॉब मोकळा झाला, पुढची रिंगच जास्त आवळलेली होती. आरशावर मध्यात आणला. २५ मीटरवर ग्रुप ५ सेमी खाली. पॅकिंगच्या दोन पट्ट्या घातल्या, आता उभ्या रेषेत बरोबर. रेघ मोजून अर्ध्या मिनिटाची निघाली. पण ग्रुप अजून २ सेमीचा आहे, उघड्या साइटवर याच रायफलीचा दीड सेमी येतो. स्कोप लावून वाढायला नको ना?

खाडीकाठ_ऐरोली:
तो पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखा दिसतो. असे बंदुकीचे जुने स्कोप बहुधा १०० यार्डांना, म्हणजे ९१ मीटरला जुळवलेले असतात. २५ मीटरवर डोळा अगदी कडेला गेला तर पुढच्या ३० मिमीच्या काचेला ११ मिमीपर्यंत चूक होऊ शकते, १० मीटरवर १३ मिमी. खात्री करायची असेल तर रायफल पकडीत बांधा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा, क्रॉसहेअर कागदावर भटकताना दिसेल.

उपाय फुकट आहे. काळ्या जाड कागदाची चकती पुढच्या काचेच्या टोपणात बसेल अशी कापा, बरोबर मध्ये १५ मिमी भोक. चूक निम्मी होते. ४ पॉवरला १५ मिमीतून डोळ्याला पावणेचार मिमीचा उजेड मिळतो, दिवसा काही कमी वाटत नाही. भोक मध्यात नसलं तर उलट त्रास, तेव्हा कंपास वापरा.

पुढची कडी सोडवून काच थोडी पुढे आणली तर स्कोप थेट २५ मीटरला जुळवता येतो, पण ते कोरड्या दिवसांत करा.

वागळे_फिटर:
ते करूच नका म्हणेन. पन्नास-साठ वर्षं न उघडलेले आटे, कडीचा पाना नसताना लोक नोकप्लायर लावतात आणि काचेवर ओरखडा. शिवाय ठाण्याची पावसाळी हवा आत गेली की दोन महिन्यांत बुरशी. चकतीने भागतंय तर तिथेच थांबा.

खाडीकाठ_ऐरोली:
जून ते सप्टेंबर नको, हे मान्य. बुरशी म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू. मागून टॉर्च मारून तिरकं पाहिलं की दिसतात. काचेच्या कडेने पिवळट किंवा इंद्रधनुषी चकाकी असेल तर ती बुरशी नव्हे, दोन काचा चिकटवणारा बाल्सम सुटतोय. त्याला घरी उपाय नाही. स्कोप हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, तांदळाच्या डब्यात नको, पीठ उडतं. चामड्याच्या जुन्या केसमध्ये तर अजिबात नको, चामडं ओल धरतं.

कळवा_नाका:
चकतीने ग्रुप दीड सेमीवर आला. आता शेवटचं: हा स्कोप पीसीपीवर (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी एअर रायफल) हलवायचा विचार आहे. पॅकिंग लावलेलं माउंट तसंच उचलून बसवलं तर चालेल?

ओळंबा:
हलवा, उशीर करू नका. बंदुकीचे स्कोप मागच्या धक्क्यासाठी बनतात, स्प्रिंगवाल्याचा पुढचा झटका त्यांची जाळीची तार आणि काचा सैल करतो. आज चालतोय म्हणजे उद्या चालेल असं नाही. पीसीपीला धक्का जवळपास नसतोच.

पॅकिंग मात्र काढा. ते त्या रायफलीच्या झुकलेल्या बॅरलसाठी होतं. पीसीपीत बॅरल पक्की असते, पॅकिंग ठेवलंत तर ग्रुप ५ सेमी वर जाईल आणि तुम्ही परत नॉब टोकाला नेऊन ठेवाल. पेन्सिलीच्या खुणेवर नॉब आणा, खाली काही न घालता बसवा. १० मीटरवर ओळंबा टांगा, दोऱ्याला एक जड नट बांधला तरी चालेल. रायफल सरळ धरून उभी तार दोऱ्याशी जुळवा, मगच रिंगा आवळा. तार तिरकी राहिली तर २५ ला बसवलेला झिरो ५० ला बाजूला जातो.

पहिले तीन छर्रे १० मीटरवर, कागद मोठा लावून. स्कोप बॅरलच्या मध्यापासून ४५ मिमी वर आणि छर्रा सेकंदाला २४० मीटरच्या आसपास असेल, तर २५ ला झिरो असलेली रायफल १० ला सुमारे १ सेमी खाली मारते. म्हणून १० ला १ सेमी खाली आणून ठेवा आणि २५ ला जाऊन उरलेलं नॉबवर काढा. तिथे तुमची एक रेघ ३.६ मिमीची.

हे सगळं रेंजवर. रायफल ४.५ मिमी आणि २० जूलच्या आत असल्याने परवाना लागत नसेल, पण छर्रा तीनशे मीटरही जातो, आणि कळव्यात तीनशे मीटरमध्ये किती गॅलऱ्या येतात ते तुम्हालाच ठाऊक.