माडीवरचा टीव्ही, खालचा लॅपटॉप आणि १० हजारांचं बजेट

माडीवाला (कराड):
घर आजोबांच्या काळचं. खालच्या भिंती दगडाच्या, दीड हात जाड. राउटर खाली सोप्यात, टीव्ही वर माडीवर वडिलांच्या खोलीत. ४३ इंची, अँड्रॉइडवाला. वायफाय वर पोचेपर्यंत दमतं. यूट्यूब कसंबसं चालतं, मोठी फाइल दर दोन मिनिटांनी अडकते.

वडिलांकडे नाटकं-कीर्तनांच्या साठ-सत्तर व्हीसीडी आहेत. प्लेअर गेल्या दिवाळीत गेला. लेकीचे सिनेमे पेन ड्राइव्हवर. तो पेन ड्राइव्ह दिवसातून चारदा जिना चढतो-उतरतो आणि त्याच्याबरोबर मी.

इथल्या एका दुकानदाराने नॅस (फाइली साठवून घरभर पुरवणारा डबा), मेश राउटर (वायफाय पुढे पोचवणारे जोडडबे) आणि ५.१चा (पाच स्पीकर आणि एक घुमणारा) साउंडबार धरून ५५ हजारांचा कागद हातात ठेवला. माझ्याकडे भिशीचे १० हजार आहेत. शिवाय एक जुना लॅपटॉप, चौथ्या पिढीचा आय-३, ४ जीबी रॅम. यात काही जमेल का? वडिलांना कमी ऐकू येतं, टीव्हीच्या स्पीकरवर संवाद कळत नाहीत. तेही लक्षात घ्या.

जुना स्क्रू:
नॅस विसरा. तो लॅपटॉप सर्व्हर म्हणून पुरतो. त्यावर जेलीफिन टाका (लॅपटॉपवरच्या फाइली टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर; फुकट आहे, ऑनलाइन खातंबितं काढावं लागत नाही) आणि टीव्हीवर त्याचंच ॲप. झाकण बंद केल्यावर लॅपटॉप झोपणार नाही, एवढी सेटिंग बदला. वीस वॅट धरले तर चोवीस तास चालू ठेवूनही महिन्याला १५ युनिटच्या आत.

एक मात्र सांभाळा. टीव्हीला फाइल जशीच्या तशी चालवता आली, तर लॅपटॉपला नुसती हमाली करायची असते. नाही चालली, तर त्याला ती चालता चालता बदलावी लागते, आणि तिथे त्याचा घाम निघतो. एच.२६४ या नेहमीच्या व्हिडिओ-प्रकाराला अडचण नाही. एचईव्हीसी या नव्या, जास्त दाबलेल्या प्रकारासाठी त्या पिढीच्या प्रोसेसरमध्ये वेगळी सोय नाही, त्यामुळे तशी फाइल आधी पेन ड्राइव्हवरून थेट टीव्हीवर लावून बघा. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८चं, ते बदलायला काहीच लागत नाही. डिस्कमध्ये ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डर असेल, त्यातल्या डॅट फाइली काढून एमपीजी करून घ्या.

तारवाला:
सर्व्हर कुठलाही घ्या, दगडी भिंत तीच राहणार. दोन भिंतींपलीकडे मेशच्या डब्यालाही सिग्नल मिळायला हवा ना! सरळ कॅट-६ (नेटवर्कची) वायर ओढा. शंभर मीटरपर्यंत काही बिघडत नाही. फक्त पूर्ण तांब्याची मागा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी स्वस्त वायर खपवतात.

टीव्हीचं लॅन पोर्ट (ही वायर खुपसायची जागा) बहुधा सेकंदाला १०० मेगाबिटचंच असेल. असू द्या. साधा (४के नसलेला) ब्लू-रे सिनेमासुद्धा ४८ मेगाबिटच्या वर जात नाही, तुमची व्हीसीडी तर दीडच्या आसपास. लॅपटॉपही राउटरला वायरनेच जोडा, नाहीतर अर्धी रड तशीच राहील.

सातारकर काकू:
आमच्या सासूबाईंचं हेच होतं. पाच स्पीकर लावून संवाद कळतात असं नाही, उलट मागचेच जास्त गडगडतात. जुनी म्युझिक सिस्टिम असेल तर तिच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज घ्यायच्या भोकात) टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून वायर द्या, दीडशे रुपयांत काम होतं. स्पीकर बसल्यावर कानाच्या उंचीला यावेत, कपाटावर नकोत. आणि टीव्हीचा आवाज ‘स्टिरिओ’वर ठेवा.

माडीवाला:
पंधरा दिवसांनी लिहितोय. भिंत फोडावी लागली नाही. डिशच्या वायरसाठी खिडकीच्या चौकटीला पाडलेलं भोक सापडलं. वायर ३० मीटर, टोकं केबलवाल्या पोराने बसवून दिली, सगळं मिळून १,१००. काकू, म्युझिक सिस्टिम माळ्यावरच होती, एक स्पीकर उंदरांनी कुरतडलेला. जुन्या बाजारातून जोडी घेतली, २,२००. लॅपटॉपला रॅम वाढवली, ९००. त्याची खरं तर गरज नव्हती, हौस म्हणून.

अडतंय ते व्हीसीडींवर. चोवीस डिस्क उतरल्या, नऊ वाचतच नाहीत. त्यांतल्या तीन म्हणजे नाटकांच्या दुसऱ्या डिस्क. म्हणजे मध्यंतरापर्यंत नाटक आहे आणि पुढे नाही! वडिलांनी एकाचा तिसरा अंक मला तोंडी सांगितला, पण तो काही जेलीफिनमध्ये टाकता येत नाही. डिस्क पुसताना मी पहिल्यांदा गोल गोल पुसत होतो. ते चुकीचं निघालं, मधून कडेकडे सरळ पुसायचं. तसं केल्यावर एक वाचली. उरलेल्या आठांसाठी कुणाकडे जुना, दणकट डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर दोन दिवस उसना द्या. कराड-सातारा कुठेही येऊन घेऊन जातो.