गावात वडिलोपार्जित घर असताना पर्वरीत फ्लॅट कशाला?

डिचोलीकर (धागाकर्ता)
आपल्या गोव्यातल्या नोकरदार घरांत चार पैसे साठले की दोन वाटांनी जातात. पर्वरी-फोंड्याला फ्लॅट, नाहीतर ओळखीच्या एजंटाची पॉलिसी. (तिसरी वाट सोनं. त्याला मी हात लावत नाही, चतुर्थीला घरी जायचंय.)

माझं मत: ज्याचा गावातल्या घरात, भाटात (माडांच्या बागायतीत) वाटा आहे, त्याने दुसऱ्या फ्लॅटात पैसे घालू नयेत. आधी जुन्या घराची इन्व्हेंटरी, म्हणजे कोर्टातून वारसांची वाटणी, करून घ्यावी. मग टर्म विमा (माणूस गेला तरच पैसे देणारा), आरोग्य विमा, आणि उरेल ते इंडेक्स फंडात, म्हणजे शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणाऱ्या म्युच्युअल फंडात.

फ्लॅटचा हिशोब करा. धरा ८० लाखांचा फ्लॅट, भाडं महिना २० हजार. वर्षाला २ लाख ४० हजार, म्हणजे ३ टक्के. त्यातून सोसायटी, घरपट्टी, रंगकाम, रिकामे जाणारे महिने वजा करा. हातात दोन-सव्वादोन टक्के. भाव वाढतो म्हणाल, पण वाढलेला भाव खायला फ्लॅट विकावा लागतो, आणि आपल्यात विकतो कोण?

आता गावातलं घर. एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कनोंदीचा कागद) काढून बघा. बहुतेकांच्या उताऱ्यात कब्जेदार म्हणून अजून आजोबाच बसलेत. आजोबा जाऊन दोन पिढ्या झाल्या. कुळाच्या नाहीतर इतर हक्कांच्या रकान्यात आणखी कोणाचं तरी नाव. असल्या घरावर बँक कर्ज देत नाही आणि शहाणा गिऱ्हाईक बयाणा देत नाही. तरी आपण लग्नाच्या बैठकीत "आमचं मोठं घर आहे" म्हणून सांगतोच.

माडगडी
घराला टक्केवारी लावणारे लोक बघितले की मला धडकी भरते. आमचं कुळागर, म्हणजे घराची बागायत, गेली कित्येक वर्षं सुपारी-मिरीच्या भावात कसंबसं तगून आहे. तुमच्या फंडाशी तुलना केली तर नापासच. पण दिल्लीचा माणूस पेडण्यात येऊन एका फटक्यात डोंगर घेतो, तेव्हा त्याला दिसतं ते तुम्हाला का दिसत नाही? गोव्यात जमीन संपत आलीय. फंडाचं युनिट उद्याही मिळेल.

आणि शेअर बाजार पडला की हेच फंडवाले देवाला गाऱ्हाणं घालताना दिसतात.

डिचोलीकर
माडगडी, कुळागर विका असं मी कुठे लिहिलंय? दुसरा फ्लॅट घेऊ नका म्हणतोय.

वकीलबाई
मूळ मुद्दा बरोबर आहे, फक्त लोकांना त्यातली गोम माहीत नसते, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालत आलीय. वारसा आणि इन्व्हेंटरीचा भाग आता गोव्याच्या २०१२ च्या कायद्यात आहे, तो २०१६ च्या शेवटी लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा. त्यामुळे "घर माझ्या बाबांचं" हे वाक्यच अर्धं असतं. अर्धं घर आईचं. बाबांचं जे अर्धं, त्यातलं निम्मं मुलांसाठी राखीव, त्याला मृत्युपत्राने हात लावता येत नाही. म्हणजे बाबा आपल्या मर्जीने कोणाला देऊ शकतात तो पूर्ण घराचा चौथा हिस्सा. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना वाटतं की बाबांनी "सगळं धाकट्याला" लिहिलं की झालं.

विकायला गेलात तर प्रत्येक वारसाची सही, शिवाय त्याच्या बायकोची किंवा नवऱ्याची. गेल्या पावसाळ्यात उपनिबंधकाच्या कचेरीत एक विक्रीखत होतं. एक भाऊ लिस्बनला, त्याचं मुखत्यारपत्र. एक बहीण ठाण्याची, ती रात्रीच्या गाडीने आलेली. सगळे रांगेत बसले आणि कळलं की साखळीच्या बहिणीचा नवरा आलाच नाही. "माझं काय काम, घर तिचं आहे." त्या दिवशी खत झालं नाही. गिऱ्हाईक तिथेच माझ्याशी कुजबुजला, दुसरी जागा बघू का?

दुबईकर
म्हणूनच मी पुण्यात फ्लॅट घेतला. गोव्याची भानगडच नको. उरलेलं एका फॅमिली ट्रस्टमध्ये टाकायचं चाललंय. सल्लागार म्हणतो ट्रस्टमध्ये गेलं की वारस, सुना, जावई कोणी बोट लावू शकत नाही.

वकीलबाई
दुबईकर, पुण्यात घेतला म्हणून सुटका नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगून टाकलंय की गोमंतकीयाची गोव्याबाहेर भारतात मालमत्ता असली तरी तिच्या वारशाला गोव्याचाच कायदा.

ट्रस्टचं म्हणाल तर पत्नीच्या संमतीशिवाय स्थावर त्यात घालताच येत नाही. आणि तुम्ही हयातीत फुकट दिलेलं पुढे वारशाचा हिशोब करताना मोजलं जातं. राखीव हिश्शाला धक्का लागला तर तेवढं कापता येतं. शिवाय कोणाला किती द्यायचं हे ट्रस्टींच्या मर्जीवर ठेवलं, तर एरवी उत्पन्नावर आयकर सर्वात वरच्या दराने. मूल दिव्यांग असेल, आपल्यामागे त्याचं कोण करणार ही काळजी असेल, तर ट्रस्टला जरूर अर्थ आहे. सुनेपासून घर वाचवायला म्हणून करत असाल तर सल्लागाराची फी वाचवा.

दुबईकर
मग एकाच मुलाच्या नावे विकून टाकलं तर?

वकीलबाई
आई-बापांनी एका मुलाला विकायचं तरी बाकीच्या मुलांची संमती लागते. हा रस्ता १८६७ लाच बंद केलाय.

विमाकाका
फंडवाल्यांनी पॉलिसीला नावं ठेवायची फॅशन झालीय. पंचवीस वर्षं या धंद्यात आहे. किती घरांत पॉलिसीच्या पैशांवर पोरींची लग्नं झाली ती यादी माझ्याकडे आहे. आपल्या माणसाला शिस्त नाही. हप्ता असला की भरतो, एसआयपी (फंडात दरमहा ठरावीक रक्कम) असली की दुसऱ्या महिन्यात बंद करतो. आता तर २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावर जीएसटीही नाही.

सिपवाली
काका, जीएसटी टर्मवरही नाही, ते घ्यायला लावा की! वर्षाला १ लाख असे २० वर्षं भरून शेवटी ३५ लाखांच्या आसपास मिळाले तर परतावा होतो ५ टक्के. वरून कव्हर इतकं तुटपुंजं की घरातला कमावता गेला तर दोन-तीन वर्षंसुद्धा निघत नाहीत. शिस्तीसाठी २० वर्षं एवढी किंमत मोजायची?

पतसंस्था नि सहकारी बँकवाल्यांनाही एक आठवण. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० मध्ये गेला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. ठेवीला विम्याचं संरक्षण एका बँकेत माणशी ५ लाख, व्याज धरून. "चेअरमन आपला माणूस आहे" हे संरक्षण नव्हे.

आणि एक आपल्या फायद्याची गोष्ट, जी सीए लोकही कधी कधी विसरतात. सामाईक मालमत्तेमुळे पगार सोडून बाकीचं उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं-निम्मं धरून कर लागतो. १९६१ च्या आयकर कायद्यात हे कलम ५ए म्हणून आलं. भाडं, व्याज, भांडवली नफा, सगळं. शेअर आणि इक्विटी फंडांच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर माणशी १ लाख २५ हजारांपर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. फंड एकट्या नवऱ्याच्या नावावर असले तरी जोडप्याला अडीच लाख मोकळे मिळतात. बेळगावच्या माझ्या भावाला ही सोय नाही, तो जळतो.

माडगडी
सोयी ऐकून बरं वाटलं. पण कोणी सांगेल का, बंद घरांचं काय? आमच्या वाड्यावर तीन घरं कुलूपबंद. मालक परदेशात. उद्या कोणी जुना पोर्तुगीज कागद काढून "हे मी घेतलं" म्हणेल.

वकीलबाई
म्हणेल काय, म्हणालेत. खोट्या कागदांवर जमिनी हडपल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २०२२ मध्ये सरकारला खास तपास पथक नेमावं लागलं, मग निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग. वारसांनी वर्षानुवर्षं बघितलं नाही, उतारा मेलेल्या माणसाच्या नावावर, अशाच जागा हेरतात. म्हणून इन्व्हेंटरीला मी खर्च म्हणत नाही. इन्व्हेंटरी पूर्ण झाली की कोणाला काय गेलं याचा न्यायालयाचा आदेश हातात असतो, तो लावून उताऱ्यात आपलं नाव चढवता येतं.

माडगडी
इन्व्हेंटरीची दुसरी बाजू तुम्ही कोणी सांगत नाही. घर वाटता येत नाही, मग वारसांतच बोली लागते. आमच्याकडे चार भाऊ, एक मुंबईला, चांगला पैसेवाला. तो बोली वर नेईल, घर त्याचं. मी इथे राहून माड राखले, माझ्या हातात त्याचा चेक. आजोबांच्या नावावर अडकलेलं आहे तोवर निदान सगळ्यांचं आहे. मी अडकलेलंच ठेवीन.

डिचोलीकर
तुमचा हिस्सा चौथा असेल तर बोलीच्या तीन चतुर्थांश पैसेच बाकीच्यांना द्यायचे, पूर्ण नाही. तेवढी रोकड तयार हवी. ८० लाख फ्लॅटात अडकवले तर ती बोलीच्या वेळी आणणार कुठून? फंड विकून पैसे आठवड्यात खात्यात येतात. फक्त बोली जवळ आली की इक्विटीतून काढून लिक्विड फंडात (कमी जोखमीच्या, अल्प मुदतीच्या फंडात) ठेवा, ऐनवेळी बाजार पडला तर पंचाईत.

माडगडी
हे पहिल्याच प्रतिसादात लिहायचं ना. पण माझ्याकडे ना फ्लॅट आहे ना फंड.

विमाकाका
पॉलिसीवर कर्ज मिळतं हो.

सिपवाली
काका, पुरे.

माडगडी
वकीलबाई, बोलीच्या आधीच भावांनी आपसात ठरवलं तर?

वकीलबाई
तर उत्तम. सगळ्यांची संमती असेल तर उपनिबंधकाकडे, म्हणजे खास नोटरीपुढे, वारसांचं खत करायचं आणि त्यावर वाटणीखत. मुंबईच्या भावाशी आताच बोला, चतुर्थीला सगळे जमतीलच. आणि वहिनींना त्या बैठकीत बसवा. सही त्यांचीही लागणार आहे.

माडगडी
वहिनी बसल्या तर बैठक दसऱ्यापर्यंत चालेल.