किमतीवर जाऊ नका, कपडा उलटा करून बघा

'थोडे पण महागाचे कपडे घ्या, आपोआप टिकतात' असं एकाने इथे लिहिलंय, ते मला अर्धंच पटलं. थोडे घ्या, हे बरोबर. पण किमतीत ब्रँड, जाहिरात, दुकानाचं भाडं असं बरंच काही मुरलेलं असतं, त्यामुळे महाग कपडाही चार धुण्यांत मान टाकू शकतो. मी कपडा घेताना आधी उलटा करते. शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलंय का, टाके जवळजवळ आहेत का, काखेत आणि पँटच्या आसनात शिवण पक्की आहे का, हे पाहते. आत कापड नुसतं ओव्हरलॉकपुरतं (म्हणजे कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारलेल्या टाक्यांपुरतं) उरलेलं असेल तर पुढे उसवून सैल करायची सोयच राहत नाही. (दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतात, बघू देत.)

कपड्यावर धाग्यांचे बारीक गोळे का येतात, असं कुणीतरी विचारलं होतं. आखूड तंतूंच्या सुताची टोकं घासून बाहेर येतात आणि गुंततात, त्याचे ते गोळे. शुद्ध सुती कपड्यावरचे बरेचसे झडून जातात. पॉलिएस्टर मिसळलेलं असेल तर त्याचा चिवट तंतू त्यांना धरून ठेवतो, म्हणून ते हटत नाहीत. आणि ताणल्या जाणाऱ्या जीन्समधलं इलॅस्टेन (रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा) उष्णतेने आणि क्लोरीनच्या ब्लीचने लवकर मरतं. गुडघ्याला पोक येतो तो बहुधा त्यामुळेच. तसली जीन्स गार पाण्यात धुवा, ड्रायरमध्ये घालू नका.