'डेडिकेटेड' संगणक: समर्पित, राखीव की वाहिलेला?

अर्धविराम:
घरातले दिवे, पंखे, पाण्याचा पंप सांभाळायला एक तळहाताएवढा संगणक मांडलाय. त्यावर होम असिस्टंट हे घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर चालतं, बाकी काही नाही. घरच्यांसाठी मराठीत पानभर सूचना लिहायला घेतल्या. पहिलंच वाक्य: 'हा संगणक या कामासाठी समर्पित आहे, बंद करू नये.' आत्यानं वाचलं आणि विचारलं, 'कुणाला समर्पित?' तिच्या मते समर्पित असतात ती जीवनं आणि ग्रंथ. बातम्यांत 'समर्पित मार्गिका' असते म्हटलं, तर 'ते हिंदीतून आलंय' म्हणाली. काय लिहू?

जुनी वही:
आत्याबाईंना नमस्कार सांगा. मराठीत शब्द आहे: वाहिलेला. 'विज्ञानाला वाहिलेलं मासिक' म्हणतोच की आपण. तसा 'घराच्या कामाला वाहिलेला संगणक'.

तारतम्य:
वाहिलेली फुलं दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात. यंत्राला नको. 'राखीव' लिहा, सगळ्यांना कळतं.

जुनी वही:
राखीव म्हणजे वापराविना मागे ठेवलेलं. राखीव खेळाडू मैदानाबाहेर बसतो, राखीव साठा अडीअडचणीला उघडतात. हा बिचारा तर चोवीस तास राबतोय.

तारतम्य:
राखीव डब्यात माणसं बसून प्रवास करतात, डबा रिकामा धावत नाही! शब्दाला दोन अर्थ असतात हो.

खटका:
भांडणाआधी हे पाहा की संगणक खरंच तसा आहे का. होम असिस्टंटची स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम टाकली तर ती अख्खी डिस्क घेते, आधीचं काही उरत नाही. तिथे समर्पित, वाहिलेला, जे म्हणाल ते लागू. पण मी ते कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या एका वेगळ्या कप्प्यात चालवतो, शेजारी फाइली साठवणं आणि जाहिराती अडवणंही चालतं. माझ्याला वाहिलेला म्हणणं खोटं ठरेल. रोजच्या लॅपटॉपवर मात्र हे चालवू नये, एवढं नक्की. तो झाकण मिटलं की झोपतो, अपडेट आला की स्वतःहून रीस्टार्ट होतो, आणि तेवढ्यात पंप बंद करायची वेळ निघून जाते.

काटकसर:
शिवाय वीज. माझा छोटा संगणक साधारण ५ वॉट खातो, म्हणजे वर्षाला ४४ युनिटच्या आत. जुना डेस्कटॉप ६० वॉटने अहोरात्र चालवला तर तेच सव्वापाचशेवर जातं. सूचनेत 'कमी वीज खाणारा' असंही लिहा, म्हणजे 'बिल वाढेल' म्हणून कुणी बटण बंद करणार नाही.

शुद्धमती:
वीज 'खातो'? 'अल्पऊर्जाचलित' म्हणा.

काटकसर:
ताई, अल्पऊर्जाचलित ऐकून माणूस आधी बटणच बंद करेल. गाडी पेट्रोल खाते, काम वेळ खातं, संगणकाने वीज खाल्ली तर कुठे बिघडलं?

शुद्धमती:
बोलताना काहीही म्हणा. लिहिताना थोडी शिस्त हवी एवढंच माझं म्हणणं. 'ऑटोमेशन'ला स्वयंचलन हा सुटसुटीत शब्द असताना तोही कुणी वापरत नाही.

जुनी वही:
'आपोआप' आहे ना! यातला आप म्हणजे स्वतः. संस्कृत आत्मन्, प्राकृत अप्प, मराठी आप. पाण्याच्या 'आप'शी त्याचा संबंध नाही. कुणी तरी ती व्युत्पत्ती घेऊन येईल म्हणून आधीच सांगतो.

खटका:
आपोआप काहीच होत नाही, आपण नियम लिहितो तेव्हा होतं. खरी गोची त्या नियमांत आहे. ट्रिगर, कंडिशन, ॲक्शन. कंडिशन म्हणजे अट, ॲक्शन म्हणजे कृती. ज्या घटनेने नियम सुरू होतो त्या ट्रिगरला काय म्हणाल? बंदुकीचा चाप नको.

तारतम्य:
निमित्त. सूर्य मावळल्याचं निमित्त झालं आणि दिवा लागला.

शुद्धमती:
निमित्तात खरं कारण दुसरंच असल्याची छटा आहे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडते तेव्हा कावळा निमित्त. इथे सूर्य मावळणं हेच कारण आहे.

अर्धविराम:
नामं शोधायलाच हवीत का? मराठीचं क्रियापद हा फरक करतंच. 'सूर्य मावळला की दिवा लाव' हा ट्रिगर, एक क्षण. 'सूर्य मावळलेला असेल तर लाव' ही अट, टिकून असलेली स्थिती. नवशिके इथेच अडकतात: मावळतीचा क्षण ट्रिगरला देतात, 'घरी कुणी असेल तर' अशी अट घालतात आणि रात्री उशिरा घरी येऊन दिवा का लागला नाही म्हणून विचारतात. तेव्हा ट्रिगर हवा दार उघडण्याचा, आणि सूर्य अटीत. 'दार उघडलं की, सूर्य मावळलेला असेल तर, दिवा लाव.' की आणि तर. संपलं.

खटका:
हे आवडलं. त्यांच्या इंग्रजी पडद्यावरही आता नामांऐवजी 'जेव्हा', 'आणि जर', 'तर हे कर' अशाच अर्थाची रचना आहे.

तारतम्य:
मग 'निमित्त' बाद?

काटकसर:
विषयांतर करतो. या छोट्या संगणकात मेमरी कार्ड असेल तर बॅकअप घेत चला. होम असिस्टंट दर पाच सेकंदांनी इतिहास डेटाबेसमध्ये लिहीत असतं, कार्ड लिहून लिहून झिजतं. जमल्यास कार्डाऐवजी एसएसडी ही जास्त टिकाऊ डिस्क लावा.

शुद्धमती:
झिजायला घासावं लागतं. कार्ड 'निकामी होतं'.

काटकसर:
तेच ते. हळूहळू निकामी होतं, एकदम नाही, म्हणून झिजतं म्हटलं. आणि दिवे, सेन्सर यांच्याशी बिनतारी बोलणाऱ्या झिगबीची यूएसबी काडी संगणकाला थेट खोचू नका, छोट्या वायरने लांब ठेवा. यूएसबी ३च्या पोर्टचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या संदेशांत मिसळतो.

जुनी वही:
'काडी' छान आहे. डाँगलपेक्षा कितीतरी बरा.

खटका:
अजून एक कोडं टाकतो. सॉफ्टवेअरला 'टर्न ऑन' ही एकच कृती पुरते. मराठीत दिवा लावतो, पंखा सुरू करतो, नळ सोडतो. एकच शब्द लिहिला तर 'नळ चालू करा' येतं.

तारतम्य:
आमच्याकडे नळ चालूच करतात.

शुद्धमती:
म्हणून ते बरोबर ठरत नाही.

अर्धविराम:
आणि दिव्याचं अनेकवचन सांभाळून हं. 'संगणकाने घरातले दिवे लावले' असं लिहिलंय, आत्या अजून हसतेय.