वीस वर्षे बंद असलेली सित्रोएन डीएस: आधी इंजिन, द्रव की पत्रा?

जुनेचाक:
नमस्कार. जवळजवळ वीस वर्षे एका शेडमध्ये उभी असलेली १९७१ची सित्रोएन डीस्पेशल (डीएसचाच एक प्रकार) नुकतीच माझ्या ताब्यात आली असून, सुटीच्या दिवशी थोडेथोडे काम करत ती घरच्या गॅरेजमध्येच पुन्हा चालती करण्याचा विचार आहे. साध्या गाड्यांचे इंजिन उघडण्याचा आणि ब्रेक दुरुस्त करण्याचा अनुभव मला आहे. मात्र स्प्रिंगऐवजी द्रव आणि वायू यांच्यावर तोललेली गाडी मी प्रथमच हाताळतो आहे. सध्या ती पोट टेकल्यासारखी जमिनीलगत बसली आहे. इंजिन हाताने फिरते. हायड्रॉलिक टाकीतला द्रव मात्र तपकिरी आहे आणि त्याला ब्रेक ऑइलचा वास येतो. बॅटरी जोडून इंजिन सुरू केले तर गाडी वर उचलली जाते की नाही हे तरी समजेल, असे मनात आहे. कामाचा क्रम कसा ठेवावा?

तेलकटहात:
इंजिन कृपया सुरू करू नका. हायड्रॉलिक पंप इंजिनच्या पट्ट्यावर चालतो, त्यामुळे इंजिन फिरू लागताच टाकीत जे काही आहे ते सस्पेन्शनमध्ये आणि ब्रेकमध्ये सगळीकडे ढकलले जाईल. १९५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा तिच्यात हवेतील ओलावा शोषून घेणारा द्रव वापरत असत आणि त्यामुळे भाग आतून गंजत. १९६६च्या अखेरीस त्याच्या जागी एलएचएम हे हिरवे खनिज तेल आले आणि त्यासोबत सीलचे रबरही बदलले. ओळखू यावेत म्हणून या तेलावर चालणारे भागदेखील हिरवे रंगवलेले असतात. तुमची गाडी या दुसऱ्या पिढीतली आहे, आणि तिच्या सीलना ब्रेक ऑइल लागले की ती फुगून मऊ पडतात.

टाकीतल्या द्रवाचे काही थेंब पेलाभर पाण्यात टाका. एलएचएम वर तरंगते. जे पाण्यात मिसळते ते एलएचएम नव्हे. त्यानंतर खरा प्रश्न असा की चुकीचे तेल ओतल्यावर इंजिन कधी चालवले गेले होते का. त्यासाठी गाडीच्या मागच्या भागातून टाकीकडे परतणारा रबरी पाइप सैल करून आतला रंग पाहा. तेथेही तपकिरी निघाले, तर नुसते धुऊन भागणार नाही, सगळी सील बदलावी लागतील. पाइपला हात लावण्यापूर्वी गाडीची उंची ठरवणारा दांडा सर्वांत खाली ठेवा आणि रेग्युलेटरवरचा (द्रवाचा दाब नियंत्रित करणाऱ्या भागावरचा) दाब सोडण्याचा स्क्रू एक फेरा उघडा. इतक्या वर्षांनी आत दाब उरला नसेल, पण चालू गाडीत तो १७० बारच्या आसपास असतो, त्यामुळे ही सवय आतापासूनच लागलेली बरी. आणि नुसत्या हायड्रॉलिक्सने उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. खाली भक्कम स्टँड हवेतच.

पत्रेकाम:
वरील सल्ला योग्यच आहे, परंतु सील आणि गोळे (स्प्रिंगचे काम करणारे, आत नायट्रोजन वायू असलेले) यांवर खर्च करण्यापूर्वी सांगाडा तपासा, असे मी म्हणेन. या गाडीचे दरवाजे, मडगार्ड, बॉनेट आणि छत हे सगळे सांगाड्यावर बोल्टने बसवलेले असते, म्हणून बाहेरचा पत्रा चकाकत असला तरी त्यावरून आतल्या प्रकृतीबद्दल काहीच कळत नाही. मागचे मडगार्ड एका बोल्टवर निघते. (चाक बदलतानाही ते काढावे लागते, यावर फ्रेंच कारखान्याला काही वावगे वाटले नाही!) ते बाजूला करून दोन्ही बाजूंच्या लांब पेट्यांचा (दरवाज्यांखालच्या पोकळ तुळयांचा) मागचा भाग, डिकीचा तळ आणि मागच्या खांबाचे पाय जाड स्क्रू-ड्रायव्हरने ठोकून पाहा. गाडीचा भार या पेट्यांवरच असतो.

पेटी कापावी लागली तर सांगाड्याला आधी आतून आडवे टेकू वेल्ड करा आणि दरवाजे बसवलेलेच राहू द्या. या दरवाज्यांच्या काचांना चौकट नाही. सांगाडा जरासा वाकला तरी काच रबराला नीट टेकत नाही, आणि तो दोष वेल्डिंगनंतर दुरुस्त करणे फार अवघड जाते. एका ओळखीच्या गृहस्थांनी दरवाजे काढून दोन्ही पेट्या एकदम कापल्या होत्या. पुढे वर्षभर त्यांचे ते दरवाजे लागत नव्हते.

जुनेचाक:
दोघांचेही आभार. पाण्याची चाचणी केली असता टाकीतला द्रव पूर्ण मिसळला. मागच्या परतीच्या पाइपमधून मात्र काळपट का होईना, हिरवेच तेल निघाले. डाव्या पेटीत मागच्या बाजूला स्क्रू-ड्रायव्हर सहज आत गेला. उजवी बाजू टणक आहे.

तेलकटहात:
म्हणजे चुकीचे तेल ओतल्यावर गाडी बहुधा चाललेलीच नाही, ही चांगली बातमी आहे. टाकी आणि तिच्यातली गाळणी काढून स्वच्छ करा, टाकीपासून पंपापर्यंतचा पाइप नवा घ्या आणि पंप उघडून त्याची सील बदला. बाकीची यंत्रणा तूर्त तशीच राहू द्या. उघडी टोके टोपणांनी बंद करा. गोळ्यांमधला नायट्रोजन इतक्या वर्षांत नक्कीच कमी झाला असेल, परंतु डीएसचे गोळे दोन भागांचे असून ते उघडून आतला रबरी पडदा बदलता येतो, म्हणून जुने फेकू नका. या इंजिनचे लायनर (पिस्टन ज्यांत सरकतात त्या नळ्या) नुसते बसवलेले असतात. पुढे हेड काढावे लागले, तर लायनर दाबून धरल्याशिवाय क्रँक फिरवू नका, नाहीतर ते वर सरकतात आणि खालच्या सीलमधून पाणी तेलात उतरते.

पत्र्याचे काम पुढे येत असेल, तर पेट्रोलची टाकी मागच्या आसनाखाली असते हे लक्षात ठेवा. ती काढल्याशिवाय आणि मागे जाणारे पाइप कोठून जातात ते पाहिल्याशिवाय डाव्या पेटीजवळ वेल्डिंगची ठिणगीही पडू देऊ नका.