घरपट्टीची सवलत आधी, की सरकारी घरांचे छत आधी? (न्यू साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया)

निवृत्त_ग्रंथपाल:
नमस्कार. आमच्या राज्यात पेन्शनर कन्सेशन कार्ड (पेन्शनरांना सवलतींसाठी मिळणारे केंद्र सरकारचे कार्ड) असलेल्या घरमालकाला घरपट्टी आणि कचरा-शुल्क यांच्या एकत्रित रकमेच्या निम्मी, पण वर्षाला जास्तीत जास्त २५० डॉलर इतकी सवलत मिळते. ही मर्यादा १९९३ च्या स्थानिक शासन कायद्यात आहे आणि घरपट्टी एवढी वाढूनही ती तिथेच आहे. माझ्या सासूबाई या सवलतीच्या लाभार्थी आहेत. त्यांची मैत्रीण सरकारी घरात भाड्याने राहते; तिला घरपट्टी भरावी लागत नाही, परंतु उन्हाळ्यात घर इतके तापते की पेन्शनचा मोठा भाग विजेच्या बिलात जातो. आमच्या भागातील आमदारांना मला पत्र लिहायचे आहे. राज्याने आधी कशावर खर्च करावा, असे जाणकारांना वाटते?

हिशेबनीस:
पत्रात नुसते ‘मर्यादा वाढवा’ असे लिहू नका, कारण या सवलतीचा ५५ टक्के भार राज्य उचलते आणि उरलेला ४५ टक्के कौन्सिलवर, म्हणजे घरपट्टी घेणाऱ्या स्थानिक संस्थेवर, पडतो. प्रमाण तेच ठेवून मर्यादा दुप्पट केली, तर ज्या किनारी गावांत निवृत्त लोक मोठ्या संख्येने राहतात, तिथल्या कौन्सिलला ते पैसे रस्ते आणि ग्रंथालये यांतून काढावे लागतील किंवा इतर करदात्यांवर टाकावे लागतील. केंद्र सरकार पूर्वी राज्यांना पेन्शनरांच्या सवलतींसाठी वाटा देत असे, तोही २०१४ च्या अर्थसंकल्पात बंद झाला. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्यात मर्यादा दरवर्षी महागाईनुसार वाढते. मागायचेच असेल तर तसे मागा, आणि वाढीव भार राज्याने उचलावा हेही स्पष्ट लिहा. घरपट्टी लांबणीवर टाकून ती थकबाकी मालमत्तेवर ठेवण्याची सोय काही कौन्सिलांकडे असते खरी, पण आयुष्यभर कर्ज फेडून मोकळ्या झालेल्या माणसाला घरावर पुन्हा बोजा चढवणे नको असते, आणि त्यात मला गैर काही दिसत नाही.

उष्णतारोधक:
मी घरांची ऊर्जा-तपासणी करतो, त्यामुळे माझा कल उघड आहे. सरकारी घरात भाडे साधारणतः उत्पन्नाच्या २५ ते ३० टक्के असते. छतात इन्सुलेशन (उष्णता अडवणारा थर) घालण्याचा खर्च घरमालक म्हणून सरकारला येतो, वाचलेले बिल मात्र भाडेकरूचे असते, आणि भाडे उत्पन्नाशी बांधलेले असल्यामुळे तो खर्च भाड्यातून वसूलही होत नाही. म्हणूनच वेगळा निधी ठेवल्याशिवाय हे काम होत नाही. केंद्राने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात सामाजिक घरांच्या (सरकारी आणि सेवाभावी संस्थांच्या कमी भाड्याच्या घरांच्या) अशा सुधारणांसाठी ३० कोटी डॉलर ठेवले, राज्यांनी तेवढीच भर घालायची आणि सुमारे ६० हजार घरे सुधारायची, अशी ती योजना होती. सरासरी काढली तर घरामागे १० हजार डॉलर होतात, म्हणजे २५० डॉलरची सवलत चाळीस वर्षे दिल्यासारखे. रक्कम मोठी दिसते, पण सवलत दरवर्षी नव्याने द्यावी लागते, तर चांगले इन्सुलेशन एकदा घातले की पुढच्या भाडेकरूलाही उपयोगी पडते.

एक इशारा देतो. छतावर सौर पॅनेल बसवले की फोटो चांगला येतो, म्हणून पुढाऱ्यांचा ओढा तिकडे असतो. आधी फटी बुजवणे आणि छताचे इन्सुलेशन, मग कार्यक्षम एसी आणि हीट पंपाचा (हवेतील उष्णता ओढून पाणी तापवणारा) गीझर, असा क्रम पत्रात आग्रहाने लिहा. हीट पंपाला साध्या विजेच्या गीझरच्या साधारण एक तृतीयांश वीज लागते, त्यामुळे जुना गीझर बिघडेल तेव्हा तसाच दुसरा बसवू नये, एवढा नियम केला तरी बराच फरक पडेल.

दक्षिणेकडून:
साउथ ऑस्ट्रेलिया राज्याने २०१५ मध्ये घरपट्टीची सवलत काढून त्याऐवजी ‘कॉस्ट ऑफ लिव्हिंग कन्सेशन’ (राहणीखर्चासाठी मदत) आणले, जे पात्र भाडेकरूंनाही मिळते. सुरुवातीला भाडेकरूंना कमी रक्कम मिळत असे, ही त्यातली खोट होती. तरीही आपल्या सासूबाई आणि त्यांची मैत्रीण या दोघींना एकाच योजनेत बसवण्याचा हा एक मार्ग आहे.

निवृत्त_ग्रंथपाल:
सर्वांचे आभार. मग मी दोन स्वतंत्र पत्रे लिहिते: महागाईशी जोडलेल्या मर्यादेचे आमदारांना, आणि सरकारी घरांच्या छतांचे राज्याच्या गृहनिर्माण मंत्र्यांना. सासूबाईंच्या शेजाऱ्यांकडे ‘कॉमनवेल्थ सीनियर्स हेल्थ कार्ड’ (सरकारी पेन्शन न मिळणाऱ्या ज्येष्ठांसाठीचे केंद्राचे कार्ड) आहे. त्यांना घरपट्टीत ही सवलत मिळते का?

हिशेबनीस:
नाही. ते कार्ड वेगळे आहे आणि कायद्यातील या सवलतीसाठी चालत नाही. त्यांनी आपल्या कौन्सिलची आर्थिक अडचणीतल्या लोकांसाठी स्वतःची काही सवलत आहे का, ते तिथे विचारावे.