जुन्या शेडमध्ये कोंबड्या: तुमच्याकडचे अनुभव लिहा

तांबडीमाती
काल चुलतभावाचा फोन. "टिपरची शेड अजून उभी आहे. भंगारात घालू की कोंबड्या पाळू?" तेव्हापासून आमची शेड डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

गोव्यात डिचोली-साखळीकडच्यांना वेगळे सांगायला नको. २०१२च्या सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या, खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र चालूच. आमचा टिपर पुढे विकला, शेड राहिली. लोखंडी खांब, वर पत्रे, तीन बाजू उघड्या आणि मागे चिऱ्यांची भिंत. बाबा त्या बाजूला फिरकायचेसुद्धा नाहीत. आई म्हणाली, "एवढे छप्पर फुकट कशाला घालवायचे?"

पहिली अडचण जमिनीची. वर्षानुवर्षे ऑइल गळून काळी कुळकुळीत झालेली. आईने ती वीतभर खणून काढायला लावली, खाली तांबडे दिसेपर्यंत. मग नवी माती चोपली, वर भाताचे तूस पसरले. दुसरी अडचण उंचीची. टिपरचा हौदा उचलला तरी पत्र्याला लागू नये म्हणून शेड भलतीच उंच. उन्हाळ्यात त्यामुळे वारा छान खेळायचा, पण मिरग लागला की पाऊस आडवा घुसून पार मधोमध यायचा. पश्चिमेच्या बाजूला माडाच्या चुडतांची झापे बांधली तेव्हा कुठे तूस कोरडे राहायला लागले.

अंड्यांसाठी सुताराकडून खोके करून घेतले, आत गवत वगैरे. एकही कोंबडी तिकडे ढुंकून बघेना. सगळ्या जायच्या कोपऱ्यातल्या जुन्या टायरात. एक आत बसलेली, दोघी कडेवर नंबर लावून, आणि आतली उठेना म्हणून बाहेरच्यांचा कलकलाट. आईने शेवटी खोके चुलीत घातले आणि टायराला खालून भोके पाडून घेतली, पाणी साचून डास नकोत म्हणून. बाबा संध्याकाळी खुर्ची टाकून तिकडे बसायला कधी लागले ते कुणाच्या लक्षातच आले नाही.

तुमच्याकडे गोठा, भट्टी, लाकडांची खोप, गॅरेज, काय काय कोंबड्यांच्या ताब्यात गेले ते लिहा. रेसिपी नकोत. (देणारच आहात, माहीत आहे.)

काजूबोंड
मुंगूस.

आता सविस्तर. लोक षटकोनी भोकांची ती स्वस्त कोंबडीजाळी आणून ठोकतात आणि निवांत झोपतात. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा दाताने ओढतो, मुंगूस उकरून खालून येतो. अर्ध्या इंची वेल्डेड जाळी घ्या, जमिनीत फूटभर पुरा आणि खालचे टोक बाहेरच्या बाजूला वळवा. उकरणाऱ्याला जाळी लागते, तो मागे सरकून उकरायची अक्कल चालवत नाही. दाराखालची फट विसरू नका. सगळे जण दार विसरतात.

आणि कृपा करून विष, फासे लावू नका. कायद्याने संरक्षित प्राणी आहे तो, शिवाय साप-उंदीर तोच खातो.

सुकी_किसमूर
गावठी कोंबड्याची शाकुती करायची तर खसखस आणि भाजलेले खोबरे

तांबडीमाती
@सुकी_किसमूर दुसऱ्याच प्रतिसादात??

सुकी_किसमूर
बरं बाई. श्रावणानंतर सांगते 😄

पेडण्याची_माई
आमचा गोठा होता. सासऱ्यांच्या पश्चात गुरे विकली, गोठा रिकामा. मंगळूरी कौले, चिऱ्यांच्या भिंती, सगळे शाबूत, म्हटले घातल्या कोंबड्या की झाले. पण कोंबड्या रात्री आत जायलाच तयार नाहीत! संध्याकाळ झाली की फणसावर. नवरा म्हणे तुझ्या कोंबड्यांना वास्तुदोष दिसतोय.

एके रात्री बॅटरी घेऊन गेले तर चिऱ्यांच्या सांध्यांतून बारीक किडे बाहेर येताहेत. गोचीड. दिवसा भेगांत लपून राहतात आणि रात्री कोंबड्यांच्या पायांना, पंखांखाली चिकटतात. सकाळी बघावे तर भिंत स्वच्छ. मग सगळे सांधे सिमेंटने भरले, वर दोन हात चुना. कोपऱ्यात चुलीची राख आणि कोरडी माती ओतून ठेवली, त्यात त्या तासन्‌तास लोळतात. आता सूर्य मावळायच्या आत रांगेने आत.

कौलांवरून एकदा धामण आली होती, अंडी खाऊन गेली. तिला काही म्हटले नाही. तेवढे चालायचेच.

पुणेकर_मूळचा_म्हार्दोळ
सगळे वाचून फार हेवा वाटतोय. आमच्या सोसायटीत कबुतरांना दाणे टाकले तर नोटीस लागते. टेरेसवरच्या लोखंडी स्टोअररूममध्ये चार कोंबड्या राहतील का? मनापासून विचारतोय.

काजूबोंड
राहतील. एप्रिलात भाजलेल्याच मिळतील. मसाला तेवढा लावा.

गुरांचा_डागतर_नव्हे
नावातच सांगितले आहे, डॉक्टर नाही, पण जनावरांच्या दवाखान्यात नोकरी केली आहे. थोडे कामाचे लिहितो.

शेडचे माप बघून कोंबड्या आणा, कोंबड्या आणून शेड मोजू नका. मोठ्या कोंबडीला आत निदान दोन चौरस फूट जागा हवी. दाटी झाली की एकमेकींची पिसे टोचून काढतात. बसायला आडव्या दांड्या, बांबू किंवा फांदी, प्रत्येकीला वीतभर तरी. चार-पाच कोंबड्यांना अंड्यांची एक जागा पुरते (टायरही चालेल). लांब बाजू पूर्व-पश्चिम असली तर दुपारचे ऊन आत येत नाही. उभी शेड काही फिरवता येत नाही, तेव्हा पश्चिमेला छप्पर वाढवा किंवा केळी लावा.

गोव्यात खरा वैरी पाऊस. तूस भिजले की त्यातून अमोनियाचा वास सुटतो, डोळे चुरचुरतात, कोंबड्यांना सर्दी आणि पिल्लांना रक्ती हगवण. दाताळ्याने वरचेवर हलवा, ओला भाग काढून टाका, वर थोडा चुना भुरभुरा. तुम्ही आत वाकल्यावर तुमच्या नाकाला झोंबले, तर त्यांचे काय होत असेल, बघा.

लस चुकवू नका. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा लस पहिल्या आठवड्यातच, डोळ्यात किंवा नाकात थेंब. पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची वेगळी. कुपी बहुधा शंभर डोसांच्या खाली मिळत नाही आणि उघडली की लगेच संपवावी लागते. वाड्यावरच्या चार घरांनी मिळून आणा, न्यायची ती बर्फात.

आणखी एक. जुन्या शेडवर सिमेंटचे पत्रे असतील तर त्यात बहुतेक ॲस्बेस्टॉस असणार. भोके पाडू नका, कापू नका, फोडू तर नकाच. त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते. काढायचेच तर ओले करून अख्खे उतरवा.

पेडण्याची_माई
देव बरें करो. मानमोडीने एका आठवड्यात माझे निम्मे खुराडे गेले होते. सकाळी उठून टोपलीत भरायच्या आणि पुरायच्या. तेव्हा वाड्यावर लस कुणाला ठाऊकच नव्हती.

तांबडीमाती
माई 🙏

भट्टीवाला_सत्तरी
आमच्याकडे उलटा मामला. काजूच्या फेणीची भट्टी. मार्च ते मे तिचे काम, बाकीचे महिने रिकामी. आजोबांनी पावसाळ्यात तिथे कोंबड्या घातल्या आणि बेत अगदी झकास जमला. चुलीची राख आयती, जमीन कोरडी, भिंती धुराने काळ्या म्हणून किड्यांचे नाव नाही.

मार्च उजाडला. बोंडे आली, कोंबड्या हलेनात. वाड्यापलीकडे नवे खुराडे करून नेऊन सोडल्या तर संध्याकाळी परत भट्टीवर हजर! पिळलेल्या बोंडांचा आंबलेला चोथा टोचून कोंबडा झिंगतो की नाही, यावर घरात दोन पक्ष आहेत. मी आजोबांच्या पक्षात. भर दुपारी आरवायचा तो.

आता भट्टी कायमची त्यांची. हुर्राक, म्हणजे बोंडांची पहिल्या धारेची दारू, विकत आणतो.

सुकी_किसमूर
विकत!! सत्तरीत राहून!! शिरां पडो 😂

भट्टीवाला_सत्तरी
वर्मावर बोट ठेवू नका ताई.

नदीकाठ
छपराचे कुणी लिहिले नाही. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा आमच्या खुराड्याचे पत्रे शेजारच्या शेतात. खिळ्यांनी ठोकलेले होते. ज्याने काम केले तो म्हणाला वारा जास्त होता. वारा जास्त असतो म्हणूनच छप्पर करतो ना बाबा? हुकाचे बोल्ट वापरा, खाली रबरी वॉशर, आणि कडेचे पत्रे तारेने वाशांना आवळा.

कोंबड्या सगळ्या वाचल्या. पाटाच्या चिऱ्याखाली बसल्या होत्या, ओल्याचिंब. कोंबडा मात्र तुळशीवृंदावनावर.

पोदेराची_सायकल
आमच्या कोंबड्यावरून शेजारी पंचायतीत गेले. पहाटे साडेतीनला आरवतो म्हणून. हॉलिडे होम आहे त्यांचे, वर्षातून दोनदा येतात. कोंबडा बारा महिने राहतो.

काजूबोंड
पुढे काय झाले?

पोदेराची_सायकल
आई त्यांना सहा अंडी देऊन आली. आता ते येण्याच्या आदल्या दिवशी फोन करून अंडी आहेत का विचारतात. सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराच्या पों पों वर काही तक्रार नाही म्हणे, ते "क्यूट" आहे.

म्हापसेकरीण
खाण्याचे बोला ना कुणीतरी, कोंबड्यांच्या खाण्याचे. आम्ही तांदळाची कणी, खोबऱ्याची पेंड, उरलेली पेज घालतो. बाजारचे खाद्य थोडेच. तिसऱ्यांच्या शिंपल्या चुलीत भाजून कुटून घातल्या की अंड्याचे कवच टणक येते. पण बांगड्याची डोकी रोज घालू नका. अंड्याला वास मारतो, मग लेकरे खात नाहीत. अनुभवाचे बोल.

शुक्रवारच्या बाजारात गावठी अंडी कधी घरी परत आणावी लागली नाहीत. श्रावण-चवथ सोडून. तेव्हा मी आणि शेजारची आंटी अदलाबदल करतो, तिच्या केकला माझी अंडी, माझ्या घरी केक. बिनअंड्याचा नसतो तो, पण सासूबाईंना सांगितलेले नाही.

पेडण्याची_माई
पिल्लांना वाळवी घालता का कुणी? आमची आजे मडक्यात शेण, गवत ओले करून वाळवीच्या जागी उपडे घालायची. सकाळी मडके भरलेले. उचलून पिल्लांपुढे आपटायची. पिल्ले अशी फुगायची!

गुरांचा_डागतर_नव्हे
उत्तम प्रथिने. फक्त मडके घराच्या लाकडापासून लांब ठेवा.

पुणेकर_मूळचा_म्हार्दोळ
भाऊ म्हणतोय म्हार्दोळला लाकडांची खोप आहे, गॅस आल्यापासून रिकामीच. पिल्ले कुठून घेऊ? गिरिराज जातीची की गावठी?

गुरांचा_डागतर_नव्हे
घरी पिल्ले काढायची असतील तर गावठी, ती खुडूक होऊन एकवीस दिवस हलत नाही. नुसती अंडी हवीत तर ग्रामप्रिया. गिरिराज, वनराज अंगाने भरतात. आधी जुने गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेत चौकशी करा, नाक्यावर टेम्पोतून विकतात ती घेऊ नका. पण तुम्ही पुण्यात, बघणार कोण?

पुणेकर_मूळचा_म्हार्दोळ
आई. तिला अजून सांगितलेले नाही.

काजूबोंड
🤣🤣

तांबडीमाती
भावाला सगळा धागा वाचून दाखवला. जाळीचे त्याला पटले, चुन्याचे पटले, आता म्हणतो शंभर कोंबड्या घालतो. मी म्हटले आधी दहा घाल. दोन दिवस बोलत नाहीये.
बरं, तूस कुठे मिळेल? आमच्याकडची भातगिरणी बंद पडली.

पेडण्याची_माई
माझ्याकडे तीन पोती आहेत, माळ्यावर. घेऊन जा. येताना म्हापशाहून सुकी सुंगटां (कोळंबी) आण पावशेर, पैसे देते.

सुकी_किसमूर
मलाही पावशेर